पिकअपमध्ये एअर कॉम्प्रेसर बसवायचा कुठे?

गाडीत बसवून टायर भरायचा कॉम्प्रेसर हातात आला की बॉनेट उघडायचं आणि कुठे मावतोय का ते बघायचं, अशी बहुतेकांची सुरुवात होते. चूकही तिथेच होते. मावतो की नाही हा प्रश्न शेवटचा. आधी बघायचं ते तो किती तापणार, ती उष्णता जाणार कुठे आणि तो कसली हवा आत ओढणार.

१२ व्होल्टचा एका सिलिंडरचा कॉम्प्रेसर भार आल्यावर साधारण २० ते ३० अँपिअर ओढतो. ३० अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ४१४ वॅट. ही ताकद शेवटी जवळपास सगळी उष्णता होऊनच बाहेर येते: मोटरच्या अंगातून, सिलिंडरच्या फिन्समधून आणि दाबल्यामुळे तापलेल्या हवेतून. साध्या इस्त्रीच्या निम्मी ताकद समजा. चालू इस्त्री बंद पेटीत किंवा गालिच्यावर ठेवायला कोणी धजणार नाही, कॉम्प्रेसर मात्र लोक बिनधास्त ठेवतात.

माहितीपत्रकात ‘१०० पीएसआयला ३३ टक्के ड्यूटी सायकल’ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे दहा मिनिटं चालवला तर वीस मिनिटं विश्रांती. हा आकडा २०-२५ अंशांच्या आसपासच्या हवेत मोजलेला असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भोवतालची हवा ६० अंशांवर गेली की तोच कॉम्प्रेसर पाच-सहा मिनिटांत आतल्या थर्मल स्विचवर (फार तापल्यावर मोटर तोडणारा स्विच) बंद पडू शकतो. लोक मग मोटरला दोष देतात. दोष जागेचा असतो.

आधी कामाचा हिशोब

२६५/७० आर १७ मापाच्या टायरच्या पोटात साधारण ७५ लीटर जागा असते. खराब रस्त्यासाठी उतरवलेली हवा परत १८ पीएसआयवरून ३५ वर न्यायची तर १७ पीएसआय, म्हणजे सुमारे १.१७ बार वाढवायचे. एका टायरला ८८ लीटर मोकळी हवा लागली, चार टायरना साडेतीनशे लीटर. कॉम्प्रेसर त्या दाबाला मिनिटाला ५० लीटर देत असेल तर सात मिनिटं सलग चालणं आलं. ३० देत असेल तर जवळपास बारा. पेटीवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा शून्य दाबाचा असतो, तो इथे धरू नका. माहितीपत्रकातल्या तक्त्यात ३० पीएसआयसमोर काय लिहिलंय ते बघा.

सलग सात मिनिटांचं काम असेल तर बऱ्याच जागा चालून जातात. हवेवर चालणारे पाने वापरायचे, हवेची टाकी भरायची, ट्रेलरचे टायरही भरायचे असं असेल तर कॉम्प्रेसर वीस-वीस मिनिटं चालेल. मग अर्ध्या जागा यादीतून आपोआप कटतात. फक्त डिफरन्शियल लॉकरसाठी (ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) हवा लागत असेल तर काम काही सेकंदांचं, तिथे उष्णतेची काळजी जवळपास उरत नाही.

पुठ्ठ्याचा डमी

कॉम्प्रेसर घेऊन गाडीभर फिरण्यापेक्षा त्याच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं बनवा. लांबी, रुंदी, उंची मोजून हवा खेळायला प्रत्येक बाजूला ५० मिमी वाढवा. फिल्टर ज्या टोकाला फिरवून काढायचा असतो तिथे १०० मिमी. नाहीतर फिल्टर बदलायला दरवेळी अख्खा कॉम्प्रेसर खोलावा लागेल. गरम होज जिथून निघतो तिथे त्याच्या वळणासाठी साधारण ७० मिमी सोडा. लहानसा वाटणारा कॉम्प्रेसर या खोक्यात दुप्पट मोठा होतो आणि खरी जागा तेवढीच लागते.

खोक्याला बारीक वायरचा थर्मामीटर प्रोब चिकटवा. जिथे बसवायचा विचार आहे तिथे खोकं दोरीने किंवा झिप-टायने बांधा आणि गाडी अर्धा तास चालवा. तापमान तीनदा नोंदवा: वेगात असताना, चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत असताना, आणि गाडी उभी करून पंधरा मिनिटांनी. तिसरा आकडा सहसा सगळ्यांत मोठा निघतो, कारण वारा थांबलेला असतो आणि तापलेलं इंजिन आपली उष्णता वर सोडत असतं. तुम्ही कॉम्प्रेसर चालू करणार तोही नेमका अशाच वेळी, खराब रस्ता संपल्यावर, गाडी उभी असताना. ५५ अंशांच्या आत असेल तर जागा उत्तम. ७० च्या पुढे गेली तर सोडून द्या. बऱ्याच कॉम्प्रेसरची वरची मर्यादा तिथेच संपते.

बॉनेटखाली

वायर सर्वांत आखूड इथे लागते आणि चोरीची भीतीही नसते, म्हणून पहिली पसंती इथलीच. मात्र बॉनेटखाली दोन वेगवेगळे प्रदेश असतात. एका बाजूला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बो, तिकडे जायचंच नाही. दुसरी बाजू इनटेकची, थंड. दुसऱ्या बॅटरीसाठी कंपनीने सोडलेला रिकामा ट्रे या थंड बाजूला असेल तर शोध तिथेच थांबवायला हरकत नाही. तो वजन पेलायलाच बनवलेला असतो, त्यामुळे चार-पाच किलोचा सिंगल किंवा आठ-नऊ किलोचा ट्विन (दोन सिलिंडरचा) कॉम्प्रेसर त्याला जड नाही.

तसा ट्रे नसेल तर आतल्या मडगार्डचा पत्रा उरतो. तो जेमतेम ०.७-०.८ मिमीचा असतो. त्यात चार भोकं पाडून कॉम्प्रेसर थेट टांगला तर काही महिन्यांत भोकांच्या कडांपासून चिरा निघतात. ३ मिमी स्टीलची किंवा ५ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी घ्या आणि कंपनीच्याच दोन-तीन बोल्टवर ती पेलवा. पट्टी वाकवताना कोपरा टोकदार ठेवू नका. पट्टीच्या जाडीइतकी तरी गोलाई राहू द्या. थरथरीने तडा जातो तो नेहमी त्या वळणावरच.

इंजिनवर मात्र काही बसवायचं नाही. इंजिन आपल्या रबरी माउंटवर डुलत असतं. शेजारी कॉम्प्रेसर असेल तर मध्ये निदान ४० मिमी मोकळे ठेवा. रेस दिल्यावर इंजिन कोणत्या बाजूला झुकतं ते दुसऱ्याला ॲक्सिलरेटर दाबायला सांगून डोळ्यांनी बघा. बेल्टवर चालणारा, तेल भरलेला कॉम्प्रेसर हा वेगळा विषय. तो इंजिनच्या ब्रॅकेटवरच बसतो आणि तिथे पुलीची रेघ जुळणं व तेलाचा तळ खाली राहणं या दोन गोष्टी जागा ठरवतात.

बॉनेटची उंची तपासायला मुलांची खेळायची माती लागते. डमीच्या सर्वांत उंच ठिकाणी मातीचा जाड गोळा ठेवा, वर प्लास्टिकचा कागद घाला, बॉनेट हळूच खाली आणून दाबून बंद करा आणि परत उघडा. गोळा चेपून १५ मिमीपेक्षा पातळ झाला असेल तर जागा रद्द. खड्ड्यात बॉनेटचा पत्रा खाली लवतो आणि पहिल्याच प्रवासात वर टेंगूळ येतं.

ब्रेक ऑइलचं झाकण, एबीएसचं युनिट, फ्यूजबॉक्स, डिपस्टिक यांच्यापर्यंत हात पोचला पाहिजे. रेडिएटरच्या पंख्याच्या थेट मागेही नको, कारण तिथला वारा रेडिएटरमधूनच तापून येतो. एअरबॅगचे सेन्सर पुढच्या भागात असतात. त्यांच्या ब्रॅकेटचा आधार घेऊ नका.

केबिनमध्ये: सीटखाली किंवा मागच्या सीटच्या पाठीमागे

स्वच्छ, कोरडी आणि बॉनेटच्या मानाने थंड जागा. पाण्यातून गाडी काढणाऱ्यांसाठी ही सर्वांत निर्धास्त. आवाज आणि थरथर यांची किंमत मात्र मोजावी लागते. मागे कोणी झोपलं असेल तर ते नक्की उठणार.

गालिचावर कॉम्प्रेसर ठेवायचा नाही. गालिचा उष्णता कोंडतो आणि त्याचा लोकर-कचरा फिल्टरमध्ये जाऊन बसतो. गालिचा कापून पत्र्यापासून १५-२० मिमी उंच अशी प्लेट बसवा. सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून, पाठ झुकवून बघा. सीटखालून जाणाऱ्या पिवळ्या कनेक्टरच्या किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना हलवू नका, ताणू नका, त्यांच्यावर होज टेकवू नका.

तळाला भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली झोपून बघा. डिझेलची टाकी आणि ब्रेकचे पाइप पुष्कळदा सीटच्या बरोबर खाली असतात. ड्रिलच्या टोकाला लाकडाचा ठोकळा अडकवून फक्त १० मिमी टोक बाहेर ठेवा, म्हणजे पत्रा फुटताच ड्रिल थांबेल. भोकाच्या कडेला रंग लावा, मग सीलंट. आज उघडी राहिलेली कड पुढच्या पावसाळ्यापर्यंत गंजते.

हौद्यात

हौद्यातल्या टूलबॉक्समध्ये जागा ऐसपैस असते, टाकीही शेजारी बसते. अडचण दोन गोष्टींची. बंद पत्र्याची पेटी उन्हात आधीच तापलेली असते आणि तिच्यात तुम्ही वर ४०० वॅट सोडणार. झाकण उघडूनच चालवायचा, हा नियम कागदावर ठीक. प्रत्यक्षात विसरला जातो. म्हणून खाली एका बाजूला आणि वर समोरच्या बाजूला अशा दोन जाळीच्या खिडक्या ठेवा, प्रत्येकी निदान १०० बाय १५० मिमी. दोन्ही खिडक्या एकाच उंचीवर पाडल्या तर हवा फिरत नाही. वरच्या खिडकीला पंखा लावला तर फारच छान.

दुसरी अडचण धूळ. हौद्याच्या मागच्या टोकाला, टेलगेटच्या आत, गाडीमागून उडालेली धूळ भोवऱ्यासारखी फिरून आत येते. फिल्टर तिथे उघडा ठेवू नका. कॉम्प्रेसरचा फिल्टर काढून तिथे १०-१२ मिमी आतल्या व्यासाचा होज जोडा आणि फिल्टर केबिनच्या मागच्या भिंतीजवळ उंचावर न्या. होज फार लांब किंवा बारीक घेतला तर कॉम्प्रेसर गुदमरतो. दीड मीटरच्या आत ठेवा.

एक गोष्ट हमखास चुकते: ब्रॅकेटचं एक टोक केबिनला आणि दुसरं हौद्याला. पिकअपमध्ये केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसलेले असतात आणि खराब रस्त्यावर ते एकमेकांविरुद्ध पिळतात. दोघांना जोडणारी पट्टी एक तर तुटते, नाहीतर पत्रा फाडते. दोन्हींच्या मधून जाणारी वायर आणि हवेची नळीसुद्धा तिथे थोडी ढिली, वळसा देऊन सोडा.

चासीला, गाडीखाली

दुसरीकडे कुठेच जमत नसेल तरच. वारा चांगला, जागा भरपूर, पण चिखल, दगड आणि पाणी. पाण्यात उतरताना घडतं ते असं: कॉम्प्रेसर गरम असतो, थंड पाण्यात बुडताच आतली हवा आकसते आणि सीलमधून, फिल्टरमधून पाणी आत खेचलं जातं. त्या दिवशी कॉम्प्रेसर चालतो. दोन-तीन महिन्यांनी सिलिंडरची भिंत गंजते, पिस्टन रिंग घासते आणि दाब कमी पडू लागतो. तोवर कारण कोणालाच आठवत नाही. म्हणून कॉम्प्रेसर वॉटरप्रूफ असला तरी फिल्टर वर नेलाच पाहिजे.

जागा चासीच्या रेलच्या आतल्या बाजूला घ्या, बाहेरच्या बाजूला पुढच्या चाकाने उडवलेले दगड थेट बसतात. सायलेन्सरच्या पाइपपासून २०० मिमी, तेवढं नसेल तर मध्ये उष्णतेचं पत्र्याचं आवरण. प्रोपेलर शाफ्ट आणि मागचा ॲक्सल किती वर येतो तेही मोजा. ॲक्सल आणि बंप स्टॉप (ॲक्सल वर येऊन ज्याला टेकतो तो रबरी ठोकळा) यांच्यातलं अंतर टेपने मोजून त्यात २५ मिमी मिळवा. ॲक्सलच्या वाटेतल्या कोणत्याही गोष्टीला वर तेवढी मोकळीक हवी. शाफ्टही ॲक्सलबरोबर वर येतो, हे धरूनच मोजा.

चासीच्या वरच्या आणि खालच्या कडेला भोक पाडायचं नाही. भार आला की सर्वांत जास्त ताण त्या कडांवर येतो आणि तिथलं भोक म्हणजे पुढच्या तड्याची जागा. वेल्डिंगही नको. मधल्या उभ्या भागात कंपनीने पाडलेली भोकं असतात, ती वापरा, किंवा रेलला वळसा घालणारा क्लॅम्प करा. क्लॅम्पखाली ब्रेकचा पाइप चेमटत नाही ना, ते बोटं फिरवून तपासा.

वायरचा हिशोब जागेआधी

हौदा किंवा मागची चासी ठरवत असाल तर वायर बॅटरीपासून साधारण ५ मीटर जाते, तेवढीच परत येते. दहा मीटर झाली. १० चौ. मिमी तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे १.८ मिलीओम, ३० अँपिअरला ०.५४ व्होल्ट वाटेतच गेले. १६ चौ. मिमी घेतली तर ०.३५ व्होल्ट. ट्विन कॉम्प्रेसर ५० अँपिअर ओढत असेल तर १६ मध्येही ०.५८ जातात, तिथे २५ चौ. मिमी घ्या. अर्धा व्होल्ट फार वाटत नाही. पण टाकीत दाब असताना मोटर सुरू होते तेव्हा करंट क्षणभर कितीतरी पट चढतो आणि घटही तितक्याच पट वाढते. मोटर ‘हुं’ करून अडकते आणि फ्यूज जातो. मोठा फ्यूज टाकून हे सुटत नाही, उलट वायर जळते.

निगेटिव्ह वायरही वेगळी ओढा. हौद्याच्या पत्र्याला अर्थ देऊन भागवलं तर रंग आणि गंज यांतून ३० अँपिअर नीट जात नाहीत. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा चौकोनी सेन्सर असेल तर तुमची वायर थेट टर्मिनलवर न लावता सेन्सरच्या पलीकडच्या अर्थ-बोल्टवर लावा. नाहीतर गाडीच्या हिशोबात हा करंट दिसतच नाही आणि चार्जिंग चुकतं. फ्यूज बॅटरीपासून २० सेंटिमीटरच्या आत. प्रेशर स्विचमधून (ठरलेल्या दाबाला मोटर बंद-चालू करणारा) फक्त रिलेचा, म्हणजे मोटरचा मोठा करंट जोडणाऱ्या स्विचचा, बारीक करंट जाऊ द्या, मोटरचा नाही.

होज, टाकी आणि उंची

कॉम्प्रेसरबरोबर आलेला जाळीदार होज काढून त्या जागी साधी नायलॉनची नळी लावायची नाही. कॉम्प्रेसरच्या डोक्यातून (सिलिंडर हेडमधून) निघणारी हवा १०० अंशांच्याही वर असू शकते; जाळीच्या आत टेफ्लॉन असतं म्हणून ती सोसते. हा होज केबिनच्या रबरी ग्रोमेटमधून थेट नेला तर रबर चिकट होऊन वितळतं. पत्र्यात आरपार जाणारं धातूचं बल्कहेड फिटिंग बसवा आणि त्याच्या पुढे, हवा थोडी निवल्यावर नायलॉन सुरू करा.

कॉम्प्रेसर टाकीपेक्षा उंच हवा. टाकीत पाणी साचतं आणि कॉम्प्रेसर खाली असेल तर ते होजमधून उलटं डोक्यात उतरू पाहतं. मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, पण त्याच्या भरवशावर उंची उलटी करू नका. टाकीचा ड्रेन कॉक सर्वांत खाली आणि हाताला येईल असा. पोचायला त्रासाचा असेल तर तो कधीच उघडला जाणार नाही, हे नक्की समजा. सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड माणसाकडे नको.

जोडांचे आटे जुळवून घ्या. १/४ इंचात एनपीटीला (अमेरिकी पद्धतीचे आटे) इंचाला १८ आटे, बीएसपीटीला (ब्रिटिश पद्धतीचे) १९. एकाचा जोड दुसऱ्यात घातला तर दोन फेरे छान बसतात, मग घट्ट होतं आणि वाटतं की पक्कं झालं. तिथूनच हवा गळते.

टायर भरायचा कपलर (होज जोडायचं तोंड) कॉम्प्रेसरच्या शेजारीच असला पाहिजे असं नाही. बॉनेटखाली कॉम्प्रेसर आणि कपलर पुढच्या ग्रिलमध्ये ठेवला तर मागचं चाक गाठायला सात-आठ मीटरचा होज लागतो. कपलर गाडीच्या मध्यावर, दाराखालच्या पट्टीमागे झाकणासह ठेवला तर निम्म्या होजमध्ये काम भागतं.

बसवून झाल्यावर

बोल्ट एम-६ किंवा एम-८, नायलॉक नट आणि रुंद वॉशर. रबरी बुश चेपून सपाट होईपर्यंत आवळायचे नाहीत. किंचित फुगले की थांबा, नाहीतर ते रबर न राहता वॉशर होतं आणि सगळी थरथर पत्र्यात जाते. कॉम्प्रेसर आडवा, उभा की उलटा चालतो हे त्याच्या माहितीपत्रकात बघा; बिनतेलाचे बहुतेक कसेही चालतात, तेलाचे नाही.

पहिली चाचणी इंजिन चालू ठेवून घ्या. दाब कटऑफला (प्रेशर स्विच मोटर तोडतो तिथे) नेऊन बंद करा, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. अर्ध्या तासात गेज दोन-तीन पीएसआयहून अधिक उतरला तर गळती शोधा. त्यात हवा थंड होऊनही काटा थोडा उतरतो, म्हणून पहिल्या पाच मिनिटांची घट धरू नका. मग चार टायर भरण्याइतका वेळ सलग चालवा आणि प्रोबने कॉम्प्रेसरभोवतीची हवा पुन्हा मोजा; डमीवर मिळालेल्या आकड्यापेक्षा १५-२० अंश जास्त दिसली तर हवा कोंडतेय, आवरण किंवा खिडक्या बदला. पाचशे किलोमीटर झाले की पाना घेऊन प्रत्येक बोल्ट तपासा. आवळताना एखादा सहज अर्धा फेरा फिरला तर त्याच्या आसपासचा पत्रा टॉर्च लावून बघा, केसाएवढी चीर तिथेच असते.